आईची साडी जपताना

आई गेल्यावर कपाट लगेच आवरायला घेऊ नका. तिची नेसती सुती साडी न धुता वेगळी ठेवा. धुतली की तिचा वास जातो, तो परत मिळत नाही. जरीची साडी मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. पुण्याच्या पावसाळ्यात आत ओल धरते, जरीची तार काळी पडते. स्वच्छ मलमलीत गुंडाळा, अधूनमधून घडी मोडा. कोणाच्या लग्नात घेतली, ते चिठ्ठीवर लिहून आत ठेवा.

भांडीकुंडीही मोडीत काढण्याआधी थांबा. शुक्रवार पेठेतलं राजा केळकर संग्रहालय दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने उभं केलं, आणि तिथेही दिवे, अडकित्ते असंच घरगुती सामान आहे. तिचं पोळपाट-लाटणं खुशाल वापरात ठेवा.