घरात आतड्याचा कॅन्सर झालेला असेल तर जीन टेस्टपर्यंत कसं जायचं

सगळ्यात आधी एक काम करा. ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचा बायोप्सीचा रिपोर्ट शोधा आणि त्यावरच्या नंबरचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, रिपोर्टवर वरतीच असतो, वर्षासकट. तो नंबर म्हणजे लॅबच्या कपाटातल्या मेणाच्या एका तुकड्याचा पत्ता आहे आणि पुढचं बरंच काही त्या तुकड्यावर अवलंबून आहे.

मी बेळगावात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, गाव खानापूर तालुक्यात. आपल्याकडं आतड्याचा नाहीतर जठराचा कॅन्सर निघाला की ऑपरेशन, किमो, बेळगाव-मिरज-कोल्हापूरच्या फेऱ्या यातच घर दमून जातं, हे घराण्यातनं आलंय का हे विचारायला कुणाला सवडच होत नाही, आणि विचार येतो तेव्हा कागद कुठल्या पिशवीत आहेत तेही आठवत नसतं. आमच्या घरात नेमकं असंच झालं.

या मेणाच्या तुकड्याला ब्लॉक म्हणतात, तो कसा होतो ते आता सांगतो. काढलेली गाठ कुजू नये म्हणून फॉर्मलिन नावाच्या द्रावणात ठेवतात, मग तिचे छोटे तुकडे करून मेणात बसवतात, काड्यापेटीपेक्षा लहान चौकोनी वडी होते. प्लास्टिकच्या कॅसेटवर नंबर असतो, आम्ही अजून पेन्सिलीनंच लिहितो कारण पेनाची शाई पुढच्या केमिकलमध्ये धुऊन जाते. याच वडीतनं वर्षांनंतरही चार-पाच मायक्रॉनचे काप काढून नवीन टेस्ट करता येतात. ब्लॉक किती वर्षं सांभाळतात ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, त्यामुळं उशीर नको. अर्ज करा, रुग्णाचं ओळखपत्र, रिपोर्टची झेरॉक्स न्या, आणि ब्लॉकसोबत काचेची स्लाईडपण मागा कारण नेमकी गाठ कुठल्या भागात आहे ते पॅथॉलॉजिस्ट तीवर बघून ठरवतात. आणायचा झाला तर उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण आहे, मऊ पडतं. ब्लॉक घेतल्याची पावती आणि परत कधी द्यायचा ते लिहून घ्या.

माझ्या काकांना ४३ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तिथं मी तीनदा जाऊन आलो, रजिस्टरमध्ये नंबर होता, कपाटात ब्लॉक नव्हता. मी याच कामातला माणूस, रोज शेकडो ब्लॉक हातातनं जातात, तरी घरचा मिळाला नाही याचं फार वाईट वाटलं.

दुसरं काम वंशावळ. याला पैसा लागत नाही, वेळ मात्र द्यावा लागतो, घाई करू नका. मोठा कागद घ्या, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, वारलेल्यावर तिरकी रेघ, कॅन्सर झालेल्याचं चिन्ह काळं करा, आणि प्रत्येकाच्या खाली कुठला कॅन्सर आणि कितव्या वर्षी निघाला ते लिहा. गेले कितव्या वर्षी ते नाही, निघाला कितव्या वर्षी. तीन पिढ्या तरी हव्यात, आईकडचे आणि बाबांकडचे दोन्ही. आपल्याकडं मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्नं होतात, तिथं नवरा-बायकोमध्ये दोन रेघा ओढा. लाजू नका किंवा लपवू नका, कारण काही आजार दोन्ही बाजूंनी सदोष जीन आला तरच होतात, एमयूटीवायएच जीनमुळं होणारे आतड्यातले पॉलिप, म्हणजे आतल्या भिंतीवरचे कोंब, त्यातलेच, आणि डॉक्टरला नातं कळलं नाही तर तिकडं लक्षच जाणार नाही.

खरी माहिती म्हाताऱ्या बायकांकडं असते पण ती वेगळ्या शब्दांत असते. कॅन्सर हा शब्द त्या उच्चारत नाहीत. "पोटात गोळा झाला", "पोटात पाणी भरलं", "अन्न उतरेना", "पिशवी काढली" हे शब्द ऐका आणि प्रत्येक ठिकाणी थांबून पुढचं विचारा. मी आजीला आत्याबद्दल विचारलं, आत्या चंदगडला दिलेली, वारून बरीच वर्षं झाली. आजी आधी म्हणाली, "कशाला विचारुलास ते आता." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, पिशवी काढलीती तिची, नंतर अंगावरच गेलं, म्हणजे रक्तस्राव. आत्याच्या सासरी जाऊन कागद काढले तर ४६ व्या वर्षी गर्भाशयाचा कॅन्सर. आणि आजोबांना ज्याला सगळे पोटातला गोळा म्हणायचे तोही आतड्याचाच निघाला. काकांचं आतडं आणि आत्याची पिशवी याचा एकमेकांशी संबंध असेल असं आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि डॉक्टरांनाही कसं कळणार, एक कागद कर्नाटकात, एक महाराष्ट्रात.

या दोन कॅन्सरना जोडणारा, घराण्यातनं येणारा आजार म्हणजे लिंच सिंड्रोम. १८९५ मध्ये अमेरिकेत वॉर्थिन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला त्यांच्याकडं शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितलं होतं की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात, मीपण तशीच जाणार, आणि ती गर्भाशयाच्या कॅन्सरनंच गेली. त्यांनी तिच्या घराची वंशावळ १९१३ मध्ये छापली, पुढं हेन्री लिंच यांनी अशा घरांवर आयुष्यभर काम केलं. म्हणजे सुरुवात मशीननं झालीच नाही, एका बाईला आपल्या घरातलं माहीत होतं म्हणून झाली.

डॉक्टर जुना एक आडाखा वापरतात, ३-२-१. घरातले ३ जण, त्यातला एक बाकीच्या दोघांचा आई-बाप, भाऊ-बहीण नाहीतर मूल, २ लागोपाठच्या पिढ्या, आणि १ जण तरी ५० च्या आतला. आमचं घर त्यात सरळ बसत होतं. पण यात बसत नाही म्हणून गप्प राहू नका, लहान कुटुंबात तीन माणसं कुठनं आणायची, ५० च्या आत एकालाच झाला असेल तरी विचारा.

ब्लॉक मिळाला तर पहिली टेस्ट आयएचसी, म्हणजे कापावर रंग देऊन ठरावीक प्रोटीन आहे का ते बघायचं. पेशी विभागते तेव्हा डीएनएची नक्कल होते आणि चुका होतात, त्या चुका दुरुस्त करणारी चार प्रोटीन त्यात बघतात, एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६. छापखान्यात प्रूफ तपासणारा माणूस असतो तसं यांचं काम. प्रोटीन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी रंगतं, नसेल तर निळंच राहतं. मायक्रोस्कोपखाली गाठीचा सगळा भाग निळा आणि त्याच्या मधे मधे शिरलेल्या लिम्फोसाइटचे, म्हणजे निरोगी पांढऱ्या पेशींचे, ठिपके तपकिरी दिसले की टेस्ट नीट झालीय आणि प्रोटीन खरंच गेलंय हे कळतं. एमएसएच२ आणि एमएसएच६ दोन्ही गेलेली असतील तर घराण्याचा संशय जास्त. एमएलएच१ आणि पीएमएस२ गेलेली असतील तर लगेच घाबरू नका, उतारवयात एमएलएच१ जीन नुसता बंद पडूनही तसं होतं, म्हणून तसंच झालंय का ते कळायला आधी गाठीवरच बीआरएएफ आणि मिथायलेशन या टेस्ट करून घ्यायला सांगा.

याचीच दुसरी बाजू एमएसआय टेस्ट, तिच्यात डीएनएच्या एकाच अक्षराच्या लांब माळा मोजतात, बॅट-२६ नावाच्या जागी ए हे अक्षर लागोपाठ २६ वेळा येतं आणि प्रूफ तपासणारा नसला की गाठीत त्याची लांबी बदलते. ही टेस्ट फक्त घरच्यांसाठी नाही, पेशंटच्या उपचारालाही लागते, कारण अशा गाठींवर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारे उपचार, चांगली लागू पडू शकते, अमेरिकेत २०१७ मध्ये गाठ कुठल्या अवयवाची आहे ते न बघता एमएसआय बघून पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला मंजुरी मिळाली. केआरएएस नावाची टेस्ट ऐकली असेल, तीही गाठीवरच करतात, औषध निवडायला, तिचा घराण्याशी संबंध नाही. गाठीतला बदल वेगळा आणि जन्मापासून सगळ्या अंगात असलेला बदल वेगळा, रिपोर्ट हातात आला की हा कुठला ते पहिलं विचारा.

जन्मापासूनचा बदल शोधायला रक्त लागतं, जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब. आधी जेनेटिक काउन्सेलरला, म्हणजे घराण्यातल्या आजारांचा सल्ला देणाऱ्याला, नाहीतर कॅन्सरच्या डॉक्टरांना वंशावळ दाखवा, आणि टेस्ट आधी आजारी माणसाची करा. ठणठणीत भावाची आधी केली आणि काही सापडलं नाही तर त्यातनं काहीच कळत नाही. ऑर्डर करताना तीन गोष्टी विचारा: पाचही जीन आहेत का म्हणजे वरच्या चार प्रोटीनचे चार आणि ईपीसीएएम, जीनचा मोठा तुकडाच गळाला असेल तर तो पकडला जाईल का म्हणजे त्यासाठीची एमएलपीए टेस्ट किंवा तसं काही केलंय का, आणि पीएमएस२ कसा तपासला, कारण त्याच्यासारखाच दिसणारा एक बिनकामाचा जीन शेजारी असतो आणि साध्या सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचताना, दोघांची गल्लत होते. घरी लाळ पाठवायच्या किटवर याचा निर्णय करू नका.

रिपोर्टमध्ये 'व्हीयूएस' लिहिलं असेल तर अर्थ एवढाच की बदल दिसला पण तो वाईट की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही. त्यावर ऑपरेशन करायचं नाही, नातेवाइकांच्या टेस्टही त्यावरनं ठरवायच्या नाहीत, वर्ष-दोन वर्षांनी परत विचारायचं. आपल्याकडं हे जास्त येतं कारण जगातल्या डेटामध्ये आपली माणसं कमी आहेत. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पानं १०,००० भारतीयांचे जीनोम, म्हणजे पूर्ण डीएनए, वाचून २०२५ च्या जानेवारीत डेटा संशोधकांना खुला केला त्याचं महत्त्व इथं आहे.

म्हणूनच कुणी संशोधनासाठी रक्त किंवा ब्लॉक मागितला तर माझं मत आहे की द्यावा. पण संमतीपत्र मराठीत मागा. तुम्हाला समजेल त्या भाषेत माहिती देणं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नियमांत आहे, कन्नड किंवा इंग्रजी कागदावर नुसती सही करून येऊ नका. उपचाराशी संबंधित काही सापडलं तर आम्हाला कळवणार का, हा प्रश्न सहीच्या आधी विचारा. एमएस्सी करणारी पोरं असतील तर सीबायोपोर्टल ही कॅन्सरच्या डेटाची वेबसाइट फुकट उघडते, टीसीजीए या अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम प्रकल्पाचा २०१२ चा २७६ आतड्याच्या गाठींचा डेटा तिथं बसून बघा, १६ टक्के गाठींत बदलांचा नुसता पाऊस पडलेला दिसेल, त्यातल्या बहुतेकांत हाच दुरुस्तीचा बिघाड.

आमच्याकडं ब्लॉक नव्हता, पण काका होते, म्हणून सरळ त्यांचंच रक्त दिलं. एमएसएच२ मध्ये बदल सापडला. एकदा नेमकी जागा कळली की बाकीच्यांची तेवढीच एक जागा तपासायची, खर्च बराच कमी होतो. प्रत्येक मुलाला तो बदल येण्याची शक्यता अर्धी असते, मुलगा-मुलगी फरक नाही, लग्न करून दिलेल्या मुली आणि त्यांची मुलं यात येतातच, त्यांना कळवायचं राहून जातं म्हणून मुद्दाम सांगतोय. बाबांच्यात तो बदल नाही, त्यामुळं मला आणि माझ्या बहिणीला टेस्टची गरजच उरली नाही.

आत्याच्या मुलीला मी फोनवर सांगितलं नाही, रिपोर्टची झेरॉक्स घेऊन चंदगडला गेलो. ती ३१ वर्षांची, दोन लहान मुलं, तिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. अशा माणसांना २०-२५ वयापासनं दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं मोठं आतडं बघणं, सांगतात, तिची आता दर वर्षी होते, गर्भाशयाचं चेकअप वेगळं. आदल्या दिवशी ते औषधाचं पाणी पिऊन पोट साफ करायचं तेवढंच तिला नको वाटतं. दुसऱ्या वेळी उजव्या बाजूला एक पॉलिप सापडला, तिथल्या तिथं काढला, आणि तो ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे त्याचा नंबर तिनं मला लगेच पाठवला.