रेडिचची ट्रायल्स बुलेट रिस्टोअर करताना या चुका टाळा

१९४८ च्या कोलमोर कप ट्रायलमध्ये (ट्रायल म्हणजे खडकाळ, अवघड वाटेवरून पाय न टेकता गाडी काढण्याची स्पर्धा) रॉयल एन्फील्डने मागे स्विंगिंग आर्म (मागचं चाक स्प्रिंगवर वरखाली हलू देणारी भुजा) असलेली ३५० सीसी बुलेट उतरवली, तेव्हा मागचं चाक हलतं ठेवून दगडधोंड्यांत पकड कशी मिळणार, असं म्हणणारेच जास्त होते. पुढे जॉनी ब्रिटन या स्वाराने १९५२ आणि १९५७ मध्ये याच जातीच्या गाडीवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. त्यामुळे इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यातून ट्रायल्ससाठीच निघालेल्या बुलेटला आज चांगला भाव आहे, आणि भाव आला की नकलाही येतात. साध्या रस्त्याच्या बुलेटला उंच सायलेन्सर आणि २१ इंची पुढचं चाक लावलं की लांबून ती ट्रायल्सच दिसते.

नंबर वाचायच्या आधी फ्रेम ब्लास्टिंगला पाठवणं

ब्लास्टिंग म्हणजे वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने जुना रंग उडवणं. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. फ्रेमच्या हेडजवळचा आणि क्रँककेसवरचा नंबर रंगाच्या थराखाली असतो. तो वायर ब्रश किंवा ग्राइंडरने उघडू नका. पेंट रिमूव्हर लावा, थर मऊ झाला की लाकडी काडीने खरवडा. मग पातळ कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि तिरक्या उजेडात फोटो काढा. आकड्यांभोवतीचा धातू आजूबाजूपेक्षा खोलगट किंवा गुळगुळीत लागला, तर जुना नंबर घासून नवा ठोकलेला असू शकतो. ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंग झाल्यावर हा पुरावा कायमचा गेला. फूटरेस्टचे कापलेले लग, नंतर डकवलेले ब्रॅकेट, जुन्या वेल्डिंगच्या खुणाही त्याच थराखाली जातात.

नंबर हाती आले की ब्रिटनमधल्या रॉयल एन्फील्ड ओनर्स क्लबकडे विचारणा करा. कारखान्याच्या खातेवह्यांवरून गाडी कधी आणि कोणत्या स्वरूपात बाहेर पडली, हे तिथून कळू शकतं. जुना नोंदणी क्रमांकही बोलतो. ब्रिटनच्या त्या काळच्या पद्धतीत ‘एनपी’ ही अक्षरं वूस्टरशर परगण्याची होती आणि रेडिच त्याच परगण्यात होतं. जॉनी ब्रिटनच्या गाडीचा एचएनपी ३३१ हा नंबर त्यातलाच. पण एनपी दिसलं म्हणजे कारखान्याची गाडी, असा अर्थ काढू नका. त्या भागात विकल्या गेलेल्या साध्या मोटारसायकलींनाही तीच अक्षरं मिळत. आणि कारखान्याच्या स्पर्धेच्या गाड्यांचे भाग वरचेवर बदलले जात, त्यामुळे नुसत्या नंबर प्लेटवर फार भिस्त ठेवू नका.

जुना क्रमांक परत मिळवायचा असेल तर ब्रिटनच्या डीव्हीएलएकडे (तिथलं वाहन नोंदणी खातं) व्ही७६५ अर्ज करावा लागतो. त्याला मान्यताप्राप्त क्लबची शिफारस आणि गाडी व क्रमांक यांचं नातं दाखवणारा जुना कागद हवा. म्हणून टाकीखाली किंवा सीटच्या कप्प्यात सापडलेली जीर्ण पावतीसुद्धा फेकू नका. महाराष्ट्रात असलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंदणी मिळू शकते, पण गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते.

‘आपल्याकडे बुलेटचे पार्ट ढिगाने मिळतात’ या भरवशावर राहणं

मिळतात, आणि तिथेच घोळ होतो. १९५५ पासून मद्रासमध्ये बनलेली बुलेट रेडिचच्याच घराण्यातली. बेअरिंग, केबल, क्लचचे कॉर्क माप घेऊन खुशाल वापरा. पण भारतीय इंजिनात मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय स्पार्क देणाऱ्या यंत्राच्या) जागी पॉइंट्सचा डिस्ट्रिब्युटर आला आणि नंतरच्या गाड्यांत अनेक ठिकाणी मेट्रिक आटे आले. भारतीय क्रँककेस बसवलेली गाडी चालेल छान, पण तिला रेडिचची ट्रायल्स म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

आट्यांचा घोळ तर बघण्यासारखा असतो. अडीच सुती बोल्ट घ्या, म्हणजे ५/१६ इंच, ७.९४ मिमी. सायकल थ्रेडला इंचात २६ आटे, बीएसएफ या ब्रिटिश बारीक आट्याला २२, यूएनएफ या अमेरिकन बारीक आट्याला २४ आणि ८ मिमीच्या साध्या मेट्रिक बोल्टला साधारण २०. चुकीचा बोल्टही पहिले दोन फेरे हाताने जातो. तिसऱ्या फेऱ्याला अडकतो आणि मेकॅनिक पाना लावतो. अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेसमधले आटे तिथेच संपतात. दोन सुतीत तर बीएसएफ आणि सायकल थ्रेड दोन्हींना २६ आटे, फक्त कोन वेगळा, ५५ आणि ६० अंश. थ्रेड गेज त्यावर जवळजवळ बसतं आणि फसवतं. बोल्ट हातानेच पूर्ण आत गेला पाहिजे, हा नियम ठेवा. पानेही व्हिटवर्थचेच हवेत: पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड १३.३४ मिमी असतं. १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा नटाचे कोपरे खातो.

मॅग्नेटो घाईने उघडणं

आर्मेचर (मॅग्नेटोची फिरती गुंडाळी) ओढून काढण्याआधी पिकअप, अर्थ ब्रश आणि सेफ्टी गॅपचा स्क्रू, तिन्ही बाहेर हवेत. एक जरी राहिला तरी स्लिप रिंगचा तुकडा पडतो. आर्मेचर निघताच त्या पोकळीत लोखंडाचा तुकडा ठेवा, नाहीतर लोहचुंबक कमजोर होतो आणि जोडल्यावर स्पार्क फिका येतो.

गाडी थंड असताना एका किकला सुरू होते, दहा मिनिटांनी तडतडते, बंद पडते आणि गार झाल्यावर पुन्हा सुरू होते, असं होत असेल तर कार्ब्युरेटरशी खेळत बसू नका. आर्मेचरमधला कंडेन्सर गेला आहे किंवा गुंडाळीवरचं जुनं शेलॅक गरम होऊन वितळतंय. रिवाइंडिंग करताना कंडेन्सर नवीनच टाकून घ्या. पॉइंट्सचा गॅप ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिमी ठेवा. हँडलवर अ‍ॅडव्हान्सचा लिव्हर असेल तर किक मारताना तो रिटार्डकडे असू द्या. ट्रायल्सच्या जड फ्लायव्हीलची उलटी किक घोटा मोडू शकते.

तेल पोचतंय असं गृहीत धरणं

बुलेटचं तेल क्रँककेसमागच्या कप्प्यात असतं आणि बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) ते टायमिंग कव्हरमधून, क्रँकच्या टोकाला टेकणाऱ्या छोट्या कॉर्कच्या सीलमधून मिळतं. जुना कॉर्क आटलेला असतो. तो तसाच ठेवला तर तेल वाटेतच गळतं आणि बिग एंडचं फ्लोटिंग बुश थोड्याच दिवसांत खाल्लं जातं. रॉकरच्या बँजोतून (इंजिनच्या डोक्यावरच्या तेलाच्या जोडातून) तेल येतंय म्हणजे सगळं ठीक, असं बरेच जण समजतात. त्यावरून पंप चालतोय एवढंच कळतं, बिग एंडचं काहीच कळत नाही. म्हणून कव्हर उघडलं की कॉर्क बदलाच. पंप फिरवणाऱ्या वर्मचे आटे उलटे असतात. ते न बघता जोर लावला की क्रँकचं टोक जातं.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी फिल्टरचा कप्पा तेलाने भरा, प्लग काढा आणि तेल फिरताना दिसेपर्यंत किक मारत राहा.

वेगाच्या गाडीसारखं इंजिन बांधणं

ट्रायल्सचं इंजिन माणसाच्या चालीने दगडावर चढायला असतं. उंच पिस्टन आणि मोठा कार्ब्युरेटर लावला की वरचा जोर वाढतो आणि खालचा जातो. थ्रॉटल जरा उघडताच अमाल कार्ब्युरेटरमधून फटाका आला, तर आधी त्याचा फ्लँज बघा. नट जास्त आवळले की फ्लँज वाकतो आणि बाजूने हवा ओढतो. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून सपाट करा. नंतर पायलट जेटचं बारीक भोक हवेने साफ करा, त्यात तार घालू नका. जुना अमाल ऐंशी टक्के वेळा इथेच सुधारतो, हा आमचा अंदाज आहे, मोजणी नाही.

गिअरबॉक्स बदललेला आहे का, हे न उघडताही कळतं. पहिला गिअर टाका, प्लग काढा आणि मागच्या चाकाचा एक फेरा होईपर्यंत क्रँकचे फेरे मोजा. रस्त्याच्या ३५० बुलेटला ते सोळाच्या आसपास येतात, ट्रायल्सच्या गिअरिंगला त्याहून बरेच जास्त. सोळाच आले तर आधी स्प्रॉकेटचे दात मोजा, मगच गिअरबॉक्सवर संशय घ्या.

चाकं खोलण्याआधी रिम हबपासून किती सरकलेली आहे ते दोन्ही बाजूंनी मोजून लिहा. नवे स्पोक भरताना हे माप चुकलं तर चेन रेषेत बसत नाही. टायर पुढे २.७५-२१, मागे ४.००-१९. मागच्या रिमला टायर पकडणारा सिक्युरिटी बोल्ट हवाच, कारण कमी हवेत टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो.

शेवटी, विकत घेतानाची एक गोष्ट. स्कॉटलंडमधल्या किनलॉकलेव्हनला १९८४ पासून भरणाऱ्या प्री-६५ (१९६५ आधीच्या गाड्यांच्या) स्पर्धेसाठी अनेक जुन्या गाड्या हलक्या करून घेतल्या गेल्या आहेत, नव्या बनावटीचे फोर्क योक आणि हब लावून. चालवायला त्या झकास. पण काढलेले मूळ भाग विकणाऱ्याकडे आहेत का, हे सौदा ठरायच्या आधी विचारा आणि असतील तर त्याच किमतीत मागून घ्या.