भाजलेल्या जखमेवर जंतुरोधक ड्रेसिंग कसे करावे

खोलवर भाजलेल्या जागी रक्तपुरवठा खंडित झालेला असल्यामुळे तोंडाने घेतलेले प्रतिजैविक तिथे पुरेसे पोहोचत नाही, आणि मृत त्वचेत जंतू मात्र झपाट्याने वाढतात. म्हणून त्यांना जखमेवरच रोखावे लागते.

भाजल्याबरोबर ती जागा २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजले असल्यास, रुग्ण लहान मूल असल्यास, किंवा भाजण्याचे कारण वीज वा रसायन असल्यास घरी ड्रेसिंग न करता थेट रुग्णालय गाठावे.

आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे १ टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनचे (चांदी आणि सल्फा औषध यांच्या संयुगाचे) जंतुरोधक मलम रोज एकदा किंवा दोनदा धुऊन पुन्हा लावावे लागते, जे रुग्णाला फार वेदनादायक असते. त्याचा पांढरट थर साचून जखमेची खोली कळेनाशी होते आणि वरवरची जखम भरण्यास उशीरही होऊ शकतो. त्यामुळे डॉक्टरांनी जखम पाहण्याआधी ते लावू नये, असे माझे ठाम मत आहे. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना, बाळंतपण जवळ आलेल्या गरोदर स्त्रियांना आणि २ महिन्यांखालील बाळांना ते देत नाहीत.

सूक्ष्म चांदीचा लेप असलेले ड्रेसिंग प्रकारानुसार ३ ते ७ दिवस ठेवता येते, आणि वारंवार पट्टी सोडण्याचा त्रास वाचतो हाच त्याचा मोठा फायदा. हात साबणाने धुऊन जखम स्वच्छ करावी, ड्रेसिंग जखमेच्या कडेबाहेर थोडे येईल असे कापावे आणि, पाकिटावर तशी सूचना असल्यास, निर्जंतुक पाण्याने ओले करावे. त्यासाठी सलाइन (मिठाचे निर्जंतुक पाणी) वापरू नये, कारण त्यातील क्लोराइड चांदीशी संयोग पावून तिचा प्रभाव कमी करते. वर गॉज ठेवून सैलसर पट्टी बांधावी. काढताना ते चिकटले असेल तर ओढू नये. भिजवून सुटू द्यावे.

मधाच्या ड्रेसिंगलाही आधार आहे: सोलापूरचे शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना प्रसिद्ध केली, आणि तीत मध सरस ठरला. मात्र वापरायचा तो निर्जंतुक केलेला वैद्यकीय मध. स्वयंपाकघरातील बाटलीतला नव्हे.

वेदना वाढणे, लाली पसरणे, दुर्गंधी, हिरवट स्राव किंवा ताप यांपैकी एकही लक्षण दिसल्यास ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडून ड्रेसिंग उघडून घ्यावे.