समुद्राचा डेटा दुसऱ्याला द्यायचाय, मग कुठलं स्टँडर्ड घ्यायचं?

बेळगावात बसून समुद्राचा डेटा कशाला लागतोय तुम्हाला, असं आम्हाला कायम विचारतात. अहो, आपल्या खानापूर तालुक्यातनं निघालेली म्हादईच खाली गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी समुद्राला मिळते की. इकडची बरीच पोरं खाडीच्या पाण्यावर, मासळीवर प्रोजेक्ट करतात, चोर्ला घाट उतरून सॅम्पल आणतात, मेहनत भरपूर घेतात, आणि डेटा दुसऱ्याला द्यायची वेळ आली की तिथं गाडी अडते.

पहिलं म्हणजे फॉरमॅटवरनं भांडत बसू नका. हा डेटा घेणारा कोण आणि तो त्याचं काय करणार ते आधी विचारा, शक्यतो फोन करूनच विचारा. हैदराबादचं इन्कॉइस हे आपलं राष्ट्रीय सागरी डेटा केंद्र आहे, तिथं द्यायचा असेल तर त्यांना कसा पाहिजे ते बघायचं. आणि स्वतःचं नवीन स्टँडर्ड काढायचा मोह आवरा, ते तुमच्याशिवाय कुणालाच कळत नाही.

मग नावं. हे आपल्या सीमाभागातल्या माणसाला समजवावं लागत नाही. एकच गाव, कुठं बेळगाव, कुठं बेलगाम, १ नोव्हेंबर २०१४ पासनं सरकारी कागदावर बेळगावी, एका नावानं शोधलं की दुसरं सापडत नाही. मासळीचं तसंच, आपण बांगडा म्हणतो, कारवारकडं कन्नडमध्ये बंगुडे म्हणतात. म्हणून शास्त्रीय नाव लिहायचं आणि सोबत वर्म्स या समुद्री जीवांच्या जागतिक यादीतला त्या जातीचा नंबर, म्हणजे ॲफिया आयडी, द्यायचा. तापमान, क्षारता, ऑक्सिजन असल्या कॉलमांना ब्रिटिश ओशनोग्राफिक डेटा सेंटरच्या पी०१ यादीतले कोड मिळतात, ते वापरा.

युनिट तर लिहाच लिहा! एकदा एका ठिकाणाहून आम्हाला फाईल आली, ऑक्सिजनच्या कॉलमात आकडे होते आणि युनिट कुठंच नाही. मिलिग्राम की मिलिलिटर? लिटरमागं १ मिलिलिटर ऑक्सिजन म्हणजे साधारण १.४३ मिलिग्राम होतं, म्हणजे ठीक पाणी कुठलं आणि मासे गुदमरतील असं कुठलं तेच ठरवता येईना. सगळी फाईल बाजूला ठेवावी लागली, फार वाईट वाटलं.

वेळेचं पण असंच. तारीख २०२३-०४-०३ अशी वर्ष, महिना, दिवस या क्रमानं लिहा (फाईलमध्ये आकडे मात्र इंग्रजीच टाका) आणि वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) की भारतीय ते सांगा. दोन्हीत साडेपाच तासांचा फरक आहे आणि आपल्या किनाऱ्यावर भरतीपासनं ओहोटीपर्यंत सहा तासांच्या आसपास लागतात, म्हणजे तुम्ही भरतीला घेतलेलं सॅम्पल समोरच्याच्या हिशोबात जवळजवळ ओहोटीचं होऊन बसतं.

जागेसाठी डब्ल्यूजीएस ८४ घ्या, म्हणजे जीपीएस वापरतं ती अक्षांश-रेखांशाची पद्धत, सॉफ्टवेअरमध्ये तिचा कोड ईपीएसजी ४३२६, आणि अक्षांश कुठला रेखांश कुठला ते स्पष्ट. पणजी साधारण १५.५ उत्तर, ७३.८ पूर्व, हे उलटं पडलं की पॉइंट थेट नॉर्वेच्या वरच्या थंड समुद्रात जातो. जुन्या टोपोशीटवरनं (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशांवरनं) पॉइंट काढले असतील तर त्या एव्हरेस्ट डेटम या जुन्या मोजणीच्या पायावर असतात, कन्व्हर्ट न करता टाकलं तर शंभरेक मीटर सरकतं, अरुंद खाडीतला पॉइंट सरळ शेतात. खोलीचा शून्य कुठला तेही सांगा. विहीर कठड्यापासनं मोजली की जमिनीपासनं हे आपण विचारतो ना, तसंच सागरी चार्टची खोली ओहोटीच्या खालच्या पातळीपासनं मोजतात आणि जमिनीच्या नकाशाची उंची सरासरी समुद्रपातळीपासनं.

एवढं झालं की फॉरमॅट सोपा जातो. पॉइंट, हद्दी असतील तर जिओपॅकेज घ्या, त्यात सगळं एकाच फाईलमध्ये बसतं, जुनी शेपफाईल नको, तिच्यात कॉलमचं नाव १० अक्षरांच्या पुढं जात नाही, शिवाय चार-पाच फायलींपैकी एखादी पाठवायची राहतेच. ग्रिडचा (चौकटी पाडून भरलेला) किंवा रोजचा तापमानाचा डेटा असेल तर नेटसीडीएफ फाईल आणि तिच्यातली नावं, युनिट कशी लिहायची ते सांगणारे सीएफ नियम, जीवांच्या नोंदी असतील तर डार्विन कोअर हे कॉलमांच्या नावांचं स्टँडर्ड, ओबिस हा समुद्री जीवांचा जागतिक डेटाबेस तेच घेतो. वेबवर नुसता नकाशा दाखवायचा तर डब्ल्यूएमएस ही वेब सेवा, पण त्यातनं चित्रच मिळतं, खरा डेटा द्यायचा तर डब्ल्यूएफएस.

मेटाडेटा, म्हणजे डेटाविषयीची माहिती, आयएसओ १९११५ या स्टँडर्डप्रमाणे भरा, त्यातले सगळे रकाने भरायची गरज नाही, पण कुणी, कधी, कुठल्या यंत्रानं मोजलं आणि लायसन्स काय, हे पाहिजेच. लायसन्स नसलं तर चांगला माणूस डेटा वापरायला कचरतो.

सगळं पाठवायच्या आधी वीसेक ओळी काढून, ज्यानं तुमचं काम कधी बघितलेलं नाही अशा एखाद्याला द्या, आणि काही न सांगता त्याला क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा काढायला लावा. तो जिथं जिथं तुम्हाला फोन करेल, तिथलं मेटाडेटात लिहायचं राहिलेलं असतंय.