किनाऱ्यावर येऊन पडलेला समुद्रपक्षी: काय करायचं, काय नाही

पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सलग चार दिवस धरून बसला, की आमच्या गुहागरच्या वाळूवर नेहमीचे कुरव-सुरय सोडून भलतेच पाहुणे दिसतात. कधी मास्क्ड बूबी असतो: बदकापेक्षा मोठा, पांढराफेक, पंखांची कड काळी. खुल्या समुद्रावरचा हा पक्षी वादळात दमून, उपाशी किनाऱ्याला लागतो आणि बसून राहतो. जमलेल्यांत एकजण म्हणतोच, "पाण्यात सोडा रे त्याला!" तेवढं करू नका. पाण्यात निभावलं असतं तर तो बाहेर कशाला आला असता?

आधी कुत्री हाकला, बघ्यांना मागे सारा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन लावा. जागा नेमकी सांगा. "बीचवर" म्हटलं की गाडी अर्धा तास शोधत फिरते. भरती चढत असेल किंवा कुत्री हटत नसतील, तरच पक्षी उचला.

हातमोजे आणि मास्क घाला, बर्ड फ्लू समुद्रपक्ष्यांतही असतो. जुना टॉवेल मागून डोक्यासकट अंगावर टाका. अंधार झाला की गडी बराच निवतो. पंख मिटवून अंगाशी धरा, दुसऱ्या हाताने जबड्यामागे डोकं सांभाळा. आपलं तोंड लांब ठेवा, तो डोळ्यांवर चोच मारतो आणि त्या चोचीच्या कडा करवतीसारख्या असतात. म्हणून कुणी चोचीला रबरबँड लावायला जातं. बूबीला बाहेरून नाकपुड्याच नसतात, तो चोचीच्या कडेने श्वास घेतो. चोच बांधली तर गुदमरून जाईल.

आंब्याचा खोका सुरयला पुरतो, बूबीला नाही. किराणावाल्याकडून मोठा पुठ्ठ्याचा खोका मागा. भोकं पाडा, तळाला टॉवेलची जाड घडी घाला, कारण कडक जमिनीवर बसून छातीच्या हाडापाशी जखमा होतात. खोका शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवा. सेल्फी नको. 'बरा होईपर्यंत घरीच ठेवू' हेही नको, वन्यजीव कायद्यात ते बसत नाही.

चमच्याने पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. आमच्याकडे हमखास कुणीतरी बांगडा घेऊन येतं. गार पडलेल्या, उपाशी पक्ष्याला तो पचत नाही. पशुवैद्य आधी अंगात ऊब आणि पाणी भरतात, मासा नंतर.

पावसाच्या तोंडावर किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात. पिसं तेलकट झाली असली तरी शांपूने धुऊ नका, दमलेला पक्षी धुण्यानेच दगावतो. टॉवेलात सैल गुंडाळून ठेवा, म्हणजे चोचीने तेल चाटणार नाही. गळ अडकला असेल तर ओढू नका. दोरी वीतभर राखून कापा, डॉक्टरांना आतला गळ शोधायला तीच उपयोगी पडते.

पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेलं धातूचं कडं दिसलं तर काढू नका. त्यावरचा क्रमांक आणि अक्षरं फोटोत स्पष्ट येतील असं बघा आणि वनविभागाला किंवा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. पक्षी मेलेला असला तरीही.