जुन्या प्लास्टर-ठशांचा माग काढताना

कोरीव रत्नांचे जुने प्लास्टरचे ठसे हाती आले, तर चित्राआधी कड बघा. १८व्या-१९व्या शतकात रोममध्ये प्रवाशांना विकलेल्या ठशांभोवती बहुधा सोनेरी काठाची कागदी पट्टी असते, शेजारी शाईने घातलेला क्रमांक. त्या क्रमांकांची इटालियन यादी अनेकदा पेटीतच चिकटवलेली सापडते. त्यामुळे पेटी खिळखिळी झाली तरी टाकू नका. ओलं फडकं तर लावूच नका, शाई गेली की पुरावा गेला. मग ऑक्सफर्डच्या बीझली अर्काइव्ह या प्राचीन कलेच्या अभिलेखागारातल्या कादेस, टॅसी या ठसेकारांच्या ठशांशी ऑनलाइन ताडून पाहा. प्राचीन ग्रीक कारागिराची सही दिसली तर हुरळू नका: प्रिन्स पोनियातोव्स्कीच्या संग्रहातल्या असल्या सह्या बहुतेक बनावटच निघाल्या.