विमानाचं भाडं उतरलं? काढलेल्या तिकिटावरचा फरक असा परत मिळवा

अमेरिकेत राहणारे आपण मराठी लोक विमानाची तिकिटं बरीच आधी काढतो. थँक्सगिव्हिंगला बहिणीकडे सिअ‍ॅटलला जायचं असतं, मुलाला कॉलेजात सोडायला बोस्टन गाठायचं असतं, नाहीतर बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन असतं. तारखा ठरल्या की तिकीट काढून मोकळं व्हायचं आणि त्या भाड्याकडे परत बघायचं नाही, ही आपली सवय. हकनाक पैसे जातात ते इथेच. त्याच विमानाचं, त्याच तारखेचं भाडं विमान सुटेपर्यंत अनेकदा वरखाली होतं. ते खाली आलं, तर फरक परत मिळवायची सोय बऱ्याचशा तिकिटांवर आहे. मात्र कंपनी तो आपणहून देत नाही, मागावा लागतो.

ही सोय तशी नवी आहे. ३० ऑगस्ट २०२० रोजी युनायटेडने देशांतर्गत प्रवासावरचं बदल शुल्क कायमचं काढून टाकल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी डेल्टा आणि अमेरिकन या कंपन्यांनीही तीच घोषणा केली. त्याआधी तिकीट बदलायला साधारण २०० डॉलर पडत, त्यामुळे भाडं ९० डॉलरनी उतरलं तरी हातात काही येत नसे. जुन्या अनुभवामुळे आजही कित्येक जण चौकशीच करत नाहीत.

तिकीट काढतानाच दोन गोष्टी सांभाळा

पहिली गोष्ट, बेसिक इकॉनॉमी, म्हणजे सगळ्यांत स्वस्त प्रकारचं तिकीट, घेऊ नका. दिसायला ते वीस-तीस डॉलरनी स्वस्त असतं, पण त्यात बदल सहसा चालत नाही, आणि रद्द करता आलंच तर मोठी वजावट होते. साउथवेस्टवर वर्षानुवर्षं कुठलंही तिकीट बिनधास्त बदलता यायचं, पण २८ मे २०२५ पासून तिथेही बेसिक भाडं सुरू झालं. तेव्हा जुन्या भरवशावर राहू नका.

दुसरी, तिकीट शक्यतो थेट विमान कंपनीच्या संकेतस्थळावरून काढा. मधल्या एजंटाकडून काढलेल्या तिकिटात बदल करायला बहुधा त्याच्याच दारात जावं लागतं, आणि तो स्वतःचं शुल्क वेगळं लावू शकतो.

तिकीट काढल्यावर भाड्यावर नजर ठेवा

तिकीट निघालं की लोक भाड्याची सूचना बंद करून टाकतात. ती उलट तेव्हाच चालू करायची. गूगल फ्लाइट्सवर तुमची तारीख आणि नेमकं तुमचंच विमान निवडा आणि ‘ट्रॅक प्रायसेस’चं बटण चालू करा. भाडं हललं की ईमेल येते. तुम्ही भरलेली रक्कम, तिकिटाचा प्रकार आणि तिकीट काढल्याची तारीख एका ठिकाणी लिहून ठेवा, म्हणजे ईमेल आली की लगेच ताडून बघता येतं.

आता एक बारकावा, चौघांच्या कुटुंबाला फार उपयोगी पडणारा. विमानातल्या जागा एकाच भावाने विकल्या जात नाहीत. इकॉनॉमीतच त्यांचे अनेक गट असतात, प्रत्येक गटाला एक इंग्रजी अक्षर आणि एक भाव. स्वस्त गट संपला की पुढचा महाग गट सुरू होतो. अपेक्षेएवढी विक्री झाली नाही किंवा दुसऱ्या कंपनीने भाव पाडला, की बंद केलेला स्वस्त गट पुन्हा उघडतो. समजा, नेवार्क ते सॅन फ्रान्सिस्को तुम्ही माणशी ४१२ डॉलर भरले आहेत आणि आज ३१८ डॉलरच्या गटात दोनच जागा उघडल्या आहेत. तुम्ही चार प्रवासी टाकून शोधलंत, तर यंत्रणा चौघांनाही वरचाच भाव दाखवते आणि भाडं उतरलंच नाही असं वाटतं. म्हणून आधी एकच प्रवासी टाकून बघा, मग दोन. दोघांना स्वस्त मिळत असेल तर कंपनीला फोन करून बुकिंगचे दोन भाग करून घ्या आणि फक्त त्या दोघांची तिकिटं बदला. १८८ डॉलर वाचतात. लहान मूल मात्र एकटं वेगळ्या बुकिंगवर जाऊ देऊ नका.

पहिल्या २४ तासांत उतरलं तर

ही सगळ्यांत चांगली वेळ, कारण इथे पैसे रोख परत मिळतात. विमान सुटायला सात दिवस किंवा त्याहून जास्त अवधी असताना थेट कंपनीकडून तिकीट काढलं असेल, तर २४ तासांत रद्द करून पूर्ण रक्कम परत घेता येते. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नियमानुसार कंपनीला ही मुभा द्यावी लागते, नाहीतर पैसे न घेता भाडं २४ तास राखून ठेवावं लागतं. मोठ्या कंपन्या रद्द करायची मुभाच देतात, आणि ती बेसिक तिकिटालाही लागू आहे.

इथे क्रम महत्त्वाचा. नवं तिकीट हातात येईपर्यंत जुनं सोडू नका, कारण पडद्यावर दिसणारा भाव पैसे भरेपर्यंत टिकेलच असं नाही. पण नवं निघालं की जुनं लगेच रद्द करा. एकाच माणसाची एकाच विमानावर दोन तिकिटं दिसली, तर कंपनीची यंत्रणा त्यातलं एखादं परस्पर रद्द करू शकते.

२४ तासांनंतर

आता रोख मिळत नाही, कंपनीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटाला वापरायची रक्कम. कंपनीच्या संकेतस्थळावर बुकिंग उघडा, ‘चेंज फ्लाइट’ निवडा आणि तारीख न बदलता तेच विमान पुन्हा शोधा. नवा भाव कमी असेल तर फरक उणे चिन्हाने किंवा क्रेडिट म्हणून दिसतो. शेवटचं बटण दाबण्याआधी थांबा आणि ते पान नीट वाचा. फरक क्रेडिट म्हणून मिळणार असल्याचं तिथे स्पष्ट लिहिलेलं हवं. लिहिलेलं नसेल तर पुढे जाऊ नका, फोन करा. तिकिटाचा प्रकारही तोच आहे ना, ते बघा. स्वस्त म्हणून दिसणारा पर्याय कधी कधी बेसिकचाच असतो.

बदल झाल्यावर आसनं तपासा. पैसे भरून घेतलेली खिडकीची जागा नव्या तिकिटावर आपोआप येईलच असं नाही.

परतीचं तिकीट एकत्र काढलं असेल, तर एक बाजू बदलताना कधी कधी दोन्ही बाजूंचा हिशेब नव्याने होतो. म्हणून अमेरिकेतल्या अमेरिकेत मी जाण्याचं आणि येण्याचं तिकीट वेगवेगळं काढावं या मताची आहे. भारताच्या प्रवासाला मात्र हे परवडत नाही, तिथे एकेरी भाडं फार चढं असतं.

कंपनीनेच वेळ बदलली तर

ही संधी बहुतेकांच्या हातून सुटते. विमानाची वेळ बदलल्याची ईमेल आली की आपण नुसतं ‘मान्य’चं बटण दाबतो. देशांतर्गत विमान तीन तास किंवा त्याहून जास्त, आणि आंतरराष्ट्रीय विमान सहा तास किंवा त्याहून जास्त पुढेमागे झालं, तर वाहतूक खात्याच्या २०२४ च्या नियमांनुसार तुम्ही तो बदल नाकारून पूर्ण पैसे परत घेऊ शकता, तिकीट ना-परतावा असलं तरी. क्रेडिट कार्डावर ही रक्कम कामकाजाच्या सात दिवसांत यायला हवी. तेव्हा अशी ईमेल आली की आधी आजचं भाडं बघा. ते उतरलेलं असेल तर पैसे परत घेऊन नवं तिकीट काढा. एकदा ‘मान्य’ म्हटलंत की हा हक्क जातो.

भारतातलं गणित वेगळं

मुंबई-नागपूर किंवा पुणे-दिल्ली अशा तिकिटावर बदल शुल्क अजून आहे आणि ते माणशी हजारांत जातं, त्यामुळे दीड हजारांनी भाडं उतरलं तरी हाती काही लागत नाही. तिथे खरा उपयोग सुरुवातीच्या मोफत मुदतीचा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार, देशांतर्गत प्रवासाला सात दिवस किंवा त्याहून जास्त अवधी असताना कंपनीच्या संकेतस्थळावरून तिकीट काढलं, तर सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत ते शुल्काशिवाय रद्द करता येतं. शिवाय रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि सरकारी कर व विमानतळाची शुल्कं सवलतीच्या तिकिटावरही परत मिळायला हवीत. आई-वडिलांचं तिकीट रद्द करावं लागलं तर हे कर मागायला विसरू नका.

मिळालेलं क्रेडिट वाया घालवू नका

क्रेडिट बहुधा ज्याच्या नावाचं तिकीट त्याच्याच नावावर पडतं, म्हणजे चौघांची चार वेगळी क्रेडिटं होतात. १३ आकडी तिकीट क्रमांक जपून ठेवा, क्रेडिट शोधताना तोच विचारतात. मुदतही नीट बघा. अनेक कंपन्यांत ती मूळ तिकीट काढल्यापासून एक वर्षाची असते, बदल केल्यापासून नव्हे. जानेवारीत काढलेलं तिकीट ऑक्टोबरमध्ये बदललं, तर वापरायला तीनच महिने उरतात. ती तारीख क्रेडिट मिळाल्या मिळाल्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि आठवण निदान महिनाभर आधीची लावा.